देवाप्पाच्या दंशाची फिल्म

नागनाथ चौगुले निपाणीहून बंगळूरला आला तो बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात फिटर म्हणून. पहिल्याच वर्षी कामगारांनी शेडमागे शिरलेली धामण सळ्यांनी ठेचली. तिच्या पोटात अंडी होती. नागनाथला त्या दिवशी डबा गेला नाही. पुढच्या सुट्टीला तो साप धरायला शिकायला येलहंक्याच्या देवाप्पाकडे गेला. देवाप्पा नारळ उतरवायचा, आणि साप निघाला की लोक त्यालाच बोलवायचे.

"घाई सापाला नसते, आपल्याला असते," देवाप्पाने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं. "स्वल्प थांबायला शिक, बाकी सगळं जमेल."

नागनाथ शिकला. मग त्याने एक जुना कॅमेरा घेतला आणि गटारात, पाण्याच्या टाकीत, चपलांच्या कपाटात सापडणाऱ्या शहरातल्या सापांवर छोट्या फिल्म्स करू लागला. दोन फिल्म्स टीव्हीवर लागल्या, तेव्हा त्याने नोकरी सोडली. बायको वीणा मल्लेश्वरमच्या शाळेत शिकवायची. घर तिच्या पगारावर चाललं. सतरा वर्षं देवाप्पा साप धरत राहिला आणि नागनाथ चित्रण करत राहिला.

एका सकाळी येलहंक्यापलीकडे बांधकामाच्या विटांत घोणस निघाली. देवाप्पाने ती लोखंडी आकडीने उचलून पिशवीत सोडायला घेतली होती.

"अण्णा, ऊन छान पडलंय," नागनाथ कॅमेऱ्यामागून म्हणाला. "आणखी एकदा वर उचला."

देवाप्पाने उचलली. घोणस वळली आणि अंगठ्याला डसली. त्याने तशा हातानेच तिला पिशवीत घालून गाठ मारली. मग म्हणाला, "सरी, ठीक आहे. मिळालं ना तुला?"

तासाभरात विषावरची लस सुरू झाली, पण मूत्रपिंडं गेली. पाचव्या दिवशी देवाप्पा गेला.

नागनाथला कुणी बोल लावला नाही. सापवाल्याचं मरण सापाकडूनच, एवढंच लोक म्हणाले. आपण काय म्हणालो ते त्याला आणि कॅमेऱ्याला ठाऊक होतं. साप धरायला तो जात राहिला, कॅमेऱ्याला मात्र दीड वर्ष त्याने हात लावला नाही. शेवटी त्याने वीणाला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे आधी महानंदाक्कांना कळायला हवं होतं."

देवाप्पाच्या बायकोसमोर त्याने लॅपटॉप उघडला. महानंदाने चित्रण पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं.

"हा आवाज तुझा?"

"हो, अक्का."

"त्याला तुला नाही म्हणता यायचं नाही," ती कन्नडमध्ये म्हणाली. "माफी मागायला आला असशील, तर ती आज माझ्याकडे नाही. पण हे लोकांना दाखव. आणि तुझा आवाज कापू नकोस."

नागनाथने बावीस मिनिटांची फिल्म केली, कन्नडमध्ये आणि मराठीत. साप चावल्यावर काय करायचं, कुठे जायचं, काय मुळीच करायचं नाही, हे सगळं त्यात आहे. आणि देवाप्पाची ती सकाळ आहे, नागनाथच्या स्वतःच्या आवाजासकट. शाळांत, वसाहतींत, साप पकडणाऱ्या पोरांच्या मंडळांत तो ती स्वतः जाऊन दाखवतो. फिल्म संपली की कुणी ना कुणी विचारतंच, "उचला म्हणणारा कोण?"

"मी," तो सांगतो, आणि पुढच्या प्रश्नासाठी थांबतो.

गेल्या मार्चमध्ये महानंदाचा फोन आला. चार वर्षांत पहिलाच. न्हाणीघरात नाग शिरला होता. नागनाथ गेला. पिशवीच्या तोंडाशी लावलेल्या पाइपातून नाग आपणहून आत जाईपर्यंत ती दारातच उभी होती.

"हात लावला नाहीस ना त्याला कुठे?" तिने विचारलं.

"नाही, अक्का."

"बस मग. कॉफी टाकते."