मालसुनताईचा डावा पाय

चुंगजूच्या आमच्या बाजारात योम मालसुनच्या दुकानात कुणी घाई करत नाही. केलीच, तर ती मुद्दाम सावकाश शिवते. दुकान कसलं, एका खानावळीच्या जिन्याखालची जागा आहे. एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि भिंतीवर टांगलेल्या दुसऱ्यांच्या पँटी. दिवसभर ती लोकांच्या पँटी आखूड करते आणि दोन्ही पाय सारखे झालेत की नाही ते उजेडात धरून बघते. तिचे स्वतःचे पाय सारखे नाहीत. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. तो पाय पुढे वाढला, पण नावापुरताच.

चार मुलींवरची ती पाचवी. मालसुन म्हणजे शेवटची. मुली पुरे झाल्या हे वरच्याला कळावं म्हणून आमच्या आईबापांच्या काळात असं नाव ठेवत. वरच्याला कळलंही, पुढच्याच वर्षी भाऊ झाला. मालसुनताई सांगते, "जन्मल्या दिवशीच मला नको म्हणून मोकळे झाले. तेव्हापासून नको म्हणायची पाळी माझी."

मी तिच्या समोरच गाडी लावते. डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून उकडलेलं सुन्दे विकते. वाफेतून मला ती दिवसभर दिसते, आणि तिची जीभ तर वाफेशिवायही ऐकू येते. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते.

तेक्क्यनच्या तालमीत ती शिरली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. तालमीतल्या पोरांचे पांढरे कपडे तिने शिवले होते, ते द्यायला गेली. आत दहाबारा जण, त्यांत मीही, गुडघे सैल सोडून, कंबर हेलकावत, तीन पावलांच्या ठेक्यावर पुढेमागे करत होते. तेक्क्यन हा पायांचा खेळ. तायक्वांदोसारखं ताठ अंग नाही, विटा फोडणं नाही. बघणाऱ्याला वाटतं, ही मंडळी लग्नात थोडी जास्त पिऊन नाचताहेत.

"बसा बाई, जवाचा चहा घ्या," हाम वस्ताद म्हणाले.

"बसायला मला दुकानात खुर्ची आहे," मालसुनताई म्हणाली. "पण ही माणसं अशी लंगडत का चालताहेत?"

"तो ठेका आहे. गुडघा सोडायचा, अंग झुलवायचं. एवढं यायलाच दोन वर्षं लागतात."

"मला अठ्ठेचाळीस वर्षं झाली येऊन," ती म्हणाली, आणि बूट काढून आत गेली.

वस्तादांनी तिला बाहेर काढलं नाही. मला वाटतं, त्यांना तिची भीतीच वाटली असावी.

आता आमच्या खेळातली एक रीत सांगते, कारण सगळी भानगड तिच्यापायीच झाली. समोरासमोर उभं राहिलं की दोघींनीही एकेक पाय पुढे ठेवायचा, तोही समोरचीच्या आवाक्यात. लांब लांब पळत खेळायचं नाही. या रीतीला आम्ही पाहुणचार म्हणतो. हा घ्या माझा पाय, बघा काय करता येतं ते. मग तुम्ही त्या पायात टांग घालायची, नाहीतर तो चुकवून तिच्या गालापर्यंत पाऊल न्यायचं. लाथ ढकलणारी हवी, मोडणारी नको. गुडघा, ढुंगण, पाठ, काहीही जमिनीला टेकलं की हरलात.

मालसुनताई उजव्या पायावर उभी राहणार, म्हणजे पुढे येणार तो डावा. ती तो काडीसारखा पाय ऐटीत पुढे ठेवायची. आणि तो कुणी घ्यायचंच नाही.

आम्ही कधी तसं ठरवलं नव्हतं. मोठ्यांचा मान ठेवायचा, अधू माणसाला सांभाळून घ्यायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. त्यात काही चूक असेल असं स्वप्नातसुद्धा येत नाही. तेव्हा आम्ही उजवीकडून, वरून, हवेतून काहीतरी करायचो, आणि जरा वेळाने तोल गेल्यासारखं करून आपणच खाली बसायचो. आठ वर्षांत मालसुनताई तालमीत एकदाही हरली नाही. मी स्वतः तिच्यापुढे पन्नास वेळा तरी बसले असेन. शिवाय घरी जाताना मला आपण फार चांगली बाई असल्यासारखं वाटायचं.

गेल्या वसंतात एका सकाळी ती माझ्या गाडीशी आली. बसली नाही.

"जंगनिम, काल तुझा गुडघा कशाने टेकला?"

"घसरले, ताई."

"कशावर? तालीम मीच पुसली होती. कोरडी ठणठणीत होती."

मी सुन्दे कापत राहिले. तिने माझ्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली.

"समज, मी तुला जेवायला बोलावलं. ताट वाढलं. तू म्हणालीस, वा ताई, काय सुंदर ताट आहे, आणि न जेवताच उठून गेलीस. एकदा नाही, आठ वर्षं. मला कसं वाटेल सांग."

"तुला लागेल म्हणून, ताई..."

"लागायलाच येते मी तिथे. नाहीतर घरी टीव्ही नव्हता का मला?" मग ती जरा हळू बोलली. "माझ्याशी कुणी खेळलंच नाही गं अजून. मला एकदा खेळायचंय. साठी यायला एकच वर्ष आहे."

मला राग आला, खरं सांगते. इतकी वर्षं तिला जपलं, आणि वर ही मलाच बोलते. दोन दिवस मी तिच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की राग तिच्यावरचा नव्हताच. तरी तालमीत तो पाय घ्यायला माझा पाय काही उचलला नाही.

दानोच्या सणाला नदीकाठच्या वाळूत वरची आळी आणि खालची आळी यांचा सामना होतो. बायकांचा वेगळा, पाच विरुद्ध पाच. जिंकली ती रिंगणात थांबते, हरली ती बाहेर जाते. आम्ही खालच्या आळीच्या, आणि दहा वर्षं सलग हरत आलेल्या. त्या वर्षी वस्तादांनी यादी लावली, त्यात मालसुनताईचं नाव नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी मांडवात मानाची खुर्ची ठेवली होती.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही कपडे आणायला तिच्या दुकानात गेलो. पाचही जोड इस्त्री करून तयार होते, आणि त्यांच्यावर ती हात ठेवून बसली होती.

"यादी बदलून आणा, मग न्या."

"ताई, वस्तादांनी..."

"वस्तादांना सांगा, खेळा मग चड्ड्यांवर."

वस्ताद स्वतः आले. दहा मिनिटं दारात उभे राहिले, तिने त्यांना बसा म्हटलं नाही. शेवटी त्यांनी पाचवं नाव खोडून तिचं लिहिलं. त्यांचा हिशोब मला कळत होता: पाचव्या नंबरापर्यंत पाळी यायचीच नाही.

पण आली. आमच्या चौघी बाहेर गेल्या तेव्हा वरच्या आळीच्या अजून दोघी शिल्लक होत्या. मी तिसरी गेले, गालावर वाळूने भरलेल्या पावलाचा ठसा घेऊन. मालसुनताई उठली, केसांची पिन घट्ट केली आणि आपल्या चालीने रिंगणात गेली. दोघींना हरवलं तर दहा वर्षांनी सामना आमचा. अख्ख्या काठाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या लहान पोराने कविता म्हटल्यावर वाजतात तशा होत्या. तिच्या कानामागची शीर फुगलेली मला लांबून दिसली.

समोर सेऊन होती, दवाखान्यात लोकांना चालायचे व्यायाम शिकवणारी तिशीची मुलगी. मालसुनताईने डावा पाय पुढे ठेवला. सेऊनने तो बघितला, आणि ती नजर मला पाठ होती. ती दोन फेऱ्या नाचली, हवेत एक सुंदर लाथ मारली, आणि उतरताना अलगद वाळूत बसली.

लोक उभे राहिले. कुणी डोळे पुसले. माईकवाला ओरडत होता की जिद्द म्हणजे काय ते या आजींकडून शिका, आणि एक माणूस पुष्पगुच्छ घेऊन निघालासुद्धा.

"उठ," मालसुनताई सेऊनला म्हणाली. "पुन्हा खेळ."

पंच मध्ये आला. "मावशी, तुम्ही जिंकलात. टेकली ती हरली, नियम आहे."

"ती हरली असं लिहा. मी जिंकले असं लिहू नका."

"असं कसं लिहिणार?"

"मग काहीच लिहू नका. पुढची पाठवा." पुष्पगुच्छवाल्याकडे तिने फक्त बघितलं. तो तिथेच थबकला, मग फुलं पाठीमागे धरून परत गेला. सेऊन रडवेली झाली होती. तिला मालसुनताई म्हणाली, "पोरी, तू वाईट नाहीस. पण माझ्या घरून उपाशी गेलीस, लक्षात ठेव."

वरच्या आळीची शेवटची होती मा बोकसिल, सफरचंदांच्या बागेची मालकीण, पन्नाशीची, पिंडऱ्या अशा की झाडाला मिठी मारली तर झाड हलावं. ती आत आली, दोघी एकमेकींना वाकल्या.

"तुम्ही पण घरून जेवून आलात का?" मालसुनताईने विचारलं.

"सकाळपासून पोटात काही नाही," बोकसिल म्हणाली. "आणि मला दया येत नाही. माझ्या सुनेला विचारा."

"मग ठीक आहे," म्हणत मालसुनताईने डावा पाय पुढे ठेवला.

बोकसिलने एक पाऊल इकडे टाकलं, एक तिकडे, आणि इक् म्हणत सरळ त्या पायात टांग घातली. पाय उचलला गेला, पण मालसुनताई गेली नाही. त्या पायावर तिचा भार नव्हताच कधी. तिने तो सोडून दिला, जाऊ दिला, आणि बोकसिलचं अंग रिकाम्या ओढीने पुढे आलं तसा मानेमागे पंजा घालून तिला खाली खेचलं. बोकसिल दोन पावलं धडपडली. तिचा गुडघा वाळूपासून वीतभर वर थांबला.

मी तोंड उघडं ठेवून बघत होते. हा डाव मी आठ वर्षांत बघितला नव्हता. बघणार कशी? त्या पायात कुणी टांग घातल्याशिवाय तो निघतच नाही. बाई आठ वर्षं हा डाव अंगात तयार ठेवून आमच्यासमोर उभी होती, आणि आम्ही तिच्यापुढे बसत होतो.

टाळ्या आता वेगळ्या वाजत होत्या. वरच्या आळीची माणसं बोकसिलला शिव्या घालत होती. आमची माणसं म्हणत होती, खेच ताई, आणखी एकदा खेच.

बोकसिल शहाणी निघाली. दुसऱ्यांदा तिने टांग घातली, पण मागे ओढली नाही. तो हलका पाय तिने कमरेपर्यंत वर नेला, स्वतः आत शिरली आणि दोन्ही तळव्यांनी छातीवर ढकललं. मालसुनताई पाठीवर आपटली. तो आवाज मी विसरणार नाही.

आम्ही चौघी धावलो.

"कुणी हात लावायचा नाही," ती वाळूतूनच म्हणाली.

आम्ही थांबलो. ती कुशीवर वळली, तळवे टेकले, उजवा पाय पोटाखाली घेतला, डावा ओढून आणला. बराच वेळ लागला. कुणी टाळी वाजवली नाही, आणि बोकसिल हात बाजूला सोडून समोर उभी राहिली. तिने मदतीला बोटसुद्धा पुढे केलं नाही. दोघी पुन्हा वाकल्या, आणि या वेळी बोकसिल जास्त वाकली.

"लागलं का?" तिने विचारलं.

"चांगलंच लागलं," मालसुनताई म्हणाली.

सामना वरच्या आळीला गेला. आमचं अकरावं वर्ष. वस्ताद मान खाली घालून चटया गुंडाळायला लागले, मांडवात आमच्या आळीचे पुरुष हळू आवाजात म्हणत होते की चौथ्या नंबराने जरा नेट धरला असता तर. मालसुनताई रिंगणाबाहेर येऊन केसांतली वाळू झटकत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला?"

"तू हरलीस, ताई."

"हरले ना," ती म्हणाली. "आठ वर्षं लागली."