कोनाड्यातला कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर पावाच्या लादीपेक्षा लहान आहे. ठाण्याची नोकरी न सोडता पोलादपूरला आईजवळ राहायला आलो, तेव्हा जागा कमी म्हणून मुद्दाम असला आटोपशीर डबा घेतला. येणारे-जाणारे त्याला सेट टॉप बॉक्स समजतात आणि मालिका लावायला सांगतात. मग मी चिडतो. मला चिडायला फार काही लागत नाही.

आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि इन्व्हर्टरचा प्लग फक्त स्वयंपाकघरात. माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा आहे. पूर्वी त्यातून जेवणाची ताटं बाहेर देत. स्वयंपाकघराच्या बाजूला त्याला लाकडी झडप आहे. त्या कोनाड्यात मी कॉम्प्युटर बसवला, वायर पलीकडच्या प्लगला लावली आणि माझ्या बाजूने टेबलावर मॉनिटर असा ठेवला की कोनाडा पुरता झाकला गेला. या अकलेचं मला इतकं कौतुक वाटलं की कोणी आलं की मी मॉनिटर सरकवून आत दाखवायचो. लोक "वा वा" म्हणायचे आणि चहाची वाट बघायचे.

दसऱ्याला आईने कोयता, पहार आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत त्यालाही बसवलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. डब्याच्या डोक्यावर हवा जायला जाळी आहे, त्यातून अक्षता थेट पंख्यात गेल्या आणि घरात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला. चिमट्याने तांदूळ वेचत मी फर्मान काढलं की या डब्याला यापुढे कोणी हात लावायचा नाही.

"नाय लावत," आई म्हणाली. "तुझा डबा, तू बघ."

थंडी पडली आणि डबा बंद पडायला लागला. मी बांधकाम कंपनीसाठी इमारतींचे नकाशे तपासतो. रोज सकाळी दहाला ऑनलाइन मीटिंग असते, आणि तिला हजर राहणं ही घरून काम करू देण्याची अटच आहे. नेमक्या त्याच वेळी आतला पंखा घोंघावू लागायचा, माझं वाक्य अर्ध्यावर असायचं आणि स्क्रीन काळी. मी शिव्या देत उठायचो, व्हरांड्यातून वळसा घालून स्वयंपाकघरात जायचो, झडप उघडायचो. डबा तव्यासारखा तापलेला. आई शेजारी भाजी निवडत अगदी गरीब चेहऱ्याने बसलेली.

"तापला काय रे?" ती विचारायची. "थंडीचा तापतो म्हंजे नवलच हाय."

मलाही नवलच वाटायचं. एकदा, दोनदा झालं तेव्हा मॅडमनी चालवून घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या साहेब. मग एक दिवस त्यांनी फोन करून सरळ सांगितलं, "पुढच्या सोमवारी क्लायंट मीटिंगला आहे. त्या दिवशी बंद पडलात तर सामान बांधा आणि परत ठाण्याला या."

आईला मी यातलं काही बोललो नाही. वडील गेल्यावर ती या घरात एकटी राहिली होती ते मी पाहिलं होतं. फोनवर ठणठणीत बोलायची, आणि अचानक यावं तर सकाळचा भात रात्री, रात्रीचा सकाळी. एकटीसाठी कोण चूल फुंकणार, म्हणायची, घरात गॅस असताना. तिला पुन्हा तसं ठेवून जाणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी तो सगळा राग डब्यावर काढायचं ठरवलं.

कॉम्प्युटरमधलं मला बरंच कळतं, असा माझा समज आहे. मी निदान केलं की रॅम अपुरी पडतेय आणि जुनी हार्ड डिस्क दमलीय. महाडला जाऊन ऐटीत रॅमची पट्टी आणली. घरी डबा उघडला तर पट्टी लांब आणि खाच आखूड. या छोट्या डब्यांना लॅपटॉपची आखूड पट्टी लागते हे आठ वर्षांच्या पोरालाही नेटवर सापडलं असतं. पण मी जाणकार, मी कशाला बघतोय!

दुसऱ्या दिवशी डबाच पिशवीत घालून एसटीने महाडला गेलो. दुकानदाराने तो टेबलावर लावून दिला आणि आम्ही समोर बसलो, कधी बंद पडतो ते बघायला. चहा झाला, वडापाव झाला. डबा गार, पंखा शांत. मी त्यावर मुद्दाम जड नकाशे उघडले, तरी ढिम्म.

"इथं तर झकास चालतोय," दुकानदार म्हणाला आणि डब्याऐवजी माझ्याकडे निरखून बघायला लागला. "घरी ठेवता कुठं?"

"कोनाड्यात."

"वर काही ठेवत नाही ना?"

"वर?" मी म्हणालो. "त्याला हात लावायची कोणाची छाती नाही."

तरी आलोच होतो म्हणून सगळं करून घेतलं. हार्ड डिस्क काढून एसएसडी, आखूड रॅम, पंख्याची सफाई, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट. घरी येऊन लावलं तर स्क्रीनच येईना, नुसती पीं पीं. पुन्हा उघडला. रॅमचे पिवळे दात खोडरबराने घासले, पट्टी खट्ट आवाज येईपर्यंत दाबली, आणि चालू! पूर्वी तो उठेपर्यंत माझी आंघोळ उरकायची, आता टॉवेल शोधायच्या आत तयार. हात लावून पाहिला तर माठासारखा थंड. त्या आठवड्यात तो एकदाही बंद पडला नाही आणि मी घरभर शीळ घालत फिरलो.

आई मात्र घुश्श्यात. ताटात दही वाढलं ते पळीने ओतावं लागलं. त्या थंडीत आमच्याकडचं दही असं लागत होतं की सुरीने वडी पाडावी, आणि मीच ते वाटी वाटी चापून "आई, तुझ्या हाताला चव आहे गो" म्हणायचो. आता ताटात पांढरं पाणी.

"काय झालं दह्याला?"

"तुझा डबा बिघडवून आणलास तू," ती म्हणाली.

"बिघडवून? अगं, पळतोय तो आता!"

"पळंना का. पयल्यासारखा नाय राहिला."

दही आणि डबा यांचा संबंध कोणा शहाण्या माणसाच्या डोक्यात आला असता. मी म्हटलं, वय झालं हिचं, आणि भातावर आमटी घेतली.

सोमवार आला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातली लुंगी. मीटिंगला मॅडम, क्लायंट, ऑफिसातले चारजण. माझी पाळी आली, मी जिन्याच्या नकाशातली चूक समजावून सांगायला लागलो, आणि मॉनिटरमागून ओळखीची घरघर सुरू झाली. आधी हळू, मग वाढत गेली. स्क्रीनवरचा बाण अडखळायला लागला. बोलता बोलताच मी दोन्ही हातांनी मॉनिटर धरला आणि गर्रकन बाजूला फिरवला.

कोनाड्यात माझी गोधडी होती. कॉम्प्युटरच्या डोक्यावर स्टीलचं भांडं, त्यावर झाकण, आणि सगळ्याला मिळून ती गोधडी चहूबाजूंनी गच्च लपेटलेली. झडपेतून आई आत डोकावून तिचं टोक खोचत होती. मॉनिटरवरचा कॅमेराही मॉनिटरबरोबर फिरून कोनाड्याकडे वळला होता, त्यामुळे हे दृश्य मी एकट्यानेच पाहिलं असं नाही.

"आई!"

"बोंबलू नको. हललं की मोडतं दही."

"तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही!"

"हात कुठं लावला मी? भांडं ठेवलं. थंडीचं कुठंच लागत नाय, हितं बरं लागायचं. तू तो गार करून आणलास, म्हनून आज गोधडी घातली." आणि मग खालच्या आवाजात, "रोज तुझा पाय वाजला की उचलायचे. आज तू ह्या बाजूनं आलास."

स्पीकरमधून हसण्याचे आवाज येत होते. त्यातून मॅडमचा आवाज आला. "नमस्कार काकू. अहो, तुमचा मुलगा मीटिंगमधून रोज गायब होतो म्हणून आज ठरवणार होते, त्याला ठाण्याला परत बोलवायचं."

आईचा हात गोधडीवरच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या नकाशाकडे पाहिलं.

"रोज नाय वो बंद पडत," ती कॅमेऱ्याकडे वळून घाईघाईने म्हणाली. "दही लावते त्याच दिवशी पडतो. त्याचा काय दोष नाय. आता नाय लावायची."

"मग राहू दे त्याला तिथंच," मॅडम म्हणाल्या. त्यांचं हसू अजून आवरलं नव्हतं. "चला, जिन्याचं पूर्ण करा."

आईने गोधडीसकट भांडं अलगद उचललं आणि झडप लावून घेतली. घरघर कमी होत गेली. पुढची सगळी मीटिंग मी काय बोललो कोण जाणे, पण पलीकडून ना भांड्याचा आवाज आला, ना कुकरची शिट्टी, ना नळाचा. एरवी ती त्या वेळात अख्खं स्वयंपाकघर वाजवते.

मीटिंग संपल्यावर वळसा घालून गेलो. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, मांडीवर ते भांडं, गोधडीत गुंडाळून पोटाशी धरलेलं. ओट्यावर चिरायची भाजी तशीच, गॅस पेटलेला नव्हता. मघाशी काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवून आणलं होतं. ते सगळं उंबऱ्याबाहेरच राहिलं.

"गेली ती बाई?"

"गेली."

"आनि तू?"

"मी कुठं जातोय?"

"मला सांगायला काय झालं व्हतं रे तुला?" ती म्हणाली. डोळे पुसायला तिचा एक हात सुटला, पण भांडं कलंडेल म्हणून लगेच परत गेला. मग पदर खांद्यानेच कसाबसा गालाला लावला. "बस हितं. धर हे. पाय बधिर झालाय माझा."

मी इस्त्रीच्या शर्टात आणि लुंगीत तिच्या जागेवर बसलो. तिने भांडं माझ्या मांडीवर ठेवलं, गोधडी माझ्या पोटाशी खोचली, भिंतीला धरून उठली आणि गॅस पेटवला.

"दही लागेपर्यंत हलू नको," ती म्हणाली, आणि आमच्या दोघांच्या भाताचं आधण ठेवलं.