दत्तारामचा म्हातारो

आमच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींना शरीररचना मी शिकवते, पण सांगाड्याशी त्यांची ओळख करून द्यायचा मान दत्तारामचा होता. तो प्रयोगशाळेतला शिपाई. पेडण्याकडचा, गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या सड्याखालच्या गावचा. त्याच्या घरावरून आता विमानं उतरतात. त्याचा बाप गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा. बापामागे तो मान चुलत्याच्या घरात गेला, पण आवाज दत्तारामकडेच राहिला. देवळात नाही तर नाही, म्हणून त्याने तो आमच्या सांगाड्यापुढे लावला.

दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला हा सोहळा व्हायचा. नव्या एप्रनातल्या चाळीस मुली एकमेकींना चिकटून उभ्या. समोर स्टँडच्या हुकाला टांगलेला खराखुरा सांगाडा. प्लास्टिकचा नव्हे, माणसाचा. कुठल्याशा बंद पडलेल्या कॉलेजातून तो लाकडी खोक्यात आला होता, आणि खोक्यावर ना नाव होतं ना गाव. दत्ताराम चपला काढून पुढे व्हायचा, हात जोडायचा आणि खर्जात सुरू करायचा.

"हे म्हाताऱ्या, तू खंयच्या घरचो, खंयच्या गावचो, आमका खबर नाय. ही पोरां तुज्याकडे शिकाक इली हत. तेंच्याकडसून हातबोट लागला, हसणां झाला, तर पदरात घी."

मुली आपसूक म्हणायच्या, "होय म्हाराजा." त्यानंतर एकही मुलगी चक्कर येऊन पडायची नाही. माझं तासभराचं व्याख्यान जे करू शकत नसे ते ह्याच्या दोन ओळी करायच्या, आणि मला त्याचा थोडा रागही यायचा.

सांगाड्याला तो म्हातारो म्हणायचा. त्यांच्या गावात सीमेवरच्या राखणदार देवचाराला विडी आणि रोट देतात, त्या हिशोबाने दत्ताराम दर अवसेला म्हाताऱ्याच्या पायाशी एक विडी आणि पावाचा एक उंडो ठेवायचा. वर्षातून एकदा रिठ्याच्या पाण्यात फडकं भिजवून बरगडी न् बरगडी पुसायचा. सकाळी पाहावं तर उंडो उंदरांनी नेलेला असायचा, विडी मात्र तशीच. मी विचारायची, "काय दत्तारामभाऊ, म्हाताऱ्याने विडी सोडली वाटतं?" तो मान हलवून म्हणायचा की छातीत कफ असेल.

माझा स्वभाव मुळात खवचट. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच स्वभावापायी घडलं.

मी ह्या कॉलेजात रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी सांगाड्याचं ओटीपोटाचं हाड पाहिलं. रुंद, उथळ, खालचा कोन मोकळा. भुवयांवरचं हाड सपाट. म्हातारो कसला, बाई होती ती, पंचविशीच्या मागेपुढे गेलेली. हाडाच्या आतल्या बाजूला दोन खळगे होते. पुस्तकं ती बाळंतपणाची खूण मानतात. छातीठोकपणे कुणी सांगत नाही, पण मला वाटलं, हिला मूल झालेलं आहे.

इतकं कळल्यावर शहाण्या माणसाने दत्तारामला बाजूला घेऊन सांगितलं असतं. मी ऑफिसातल्या कमलला सांगितलं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि ठरवलं की त्याला कळू द्यायचं नाही. मग मी दरवर्षी वर्गातही सांगायची, दत्ताराम चहाला गेला की. मुली हसायच्या. गंमत म्हणून धरलेली ही गोष्ट नऊ वर्षं चालली.

आता प्रयोगशाळा कशी आहे ते सांगायला हवं. फळ्यासमोर मधोमध सांगाडा, तोंड मुलींच्या बाकांकडे. त्याच्या उजव्या अंगाला माझं टेबल. डाव्या अंगाला भिंतीशी हाडांचं कपाट आणि कपाटाला टेकून दत्तारामचं स्टूल. रोज संध्याकाळी दत्ताराम कुलूप लावायचा तेव्हा सांगाडा बाकांकडे पाहत असायचा. सकाळी कुलूप काढलं की त्याचं तोंड डाव्या भिंतीकडे वळलेलं असायचं. दत्ताराम खांद्याला धरून त्याला सरळ करायचा.

मी त्याला तारेच्या पिळाचं शास्त्र समजावलं होतं. हुकाला पीळ बसतो, रात्री गारव्याने तो सुटतो, वगैरे. तो ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला होता की पहिली तेरा वर्षं म्हातारो सरळ बघायचा, हे वळणं बाई आल्यापासूनचं. मी म्हटलं, मला घाबरत असेल. त्यावर तोही हसला होता.

गेल्या सप्टेंबरअखेर दत्ताराम निवृत्त होणार होता. त्याच महिन्यात, म्हाळाच्या पंधरवड्यात, मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा लागली. बाहेरून परीक्षक आल्या होत्या. साक्षी नावाची मुलगी पुढे आली. वडील कोल्हापूरकडून इथल्या कारखान्यात आलेले, मुलगी हुशार आणि स्पष्ट. परीक्षक बाईंनी सांगाड्याच्या ओटीपोटावर पट्टी ठेवून विचारलं, काय सांगशील? साक्षीने घडाघडा सांगितलं. ही स्त्री आहे. वय पंचवीस-तीस. बहुधा एकदा तरी बाळंत झालेली.

दत्ताराम स्टुलावर बसून काचेच्या पट्ट्या पुसत होता. त्याने मान वर केली. परीक्षक साक्षीला शाबासकी देत होत्या. तो उठून बाहेर गेला आणि परीक्षा संपेपर्यंत आत आला नाही.

मुली गेल्यावर आला. सांगाड्याकडे न पाहता माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"बाई, ता पोर म्हणाला ता खरां?"

मी म्हटलं, खरं आहे.

"नि तुमका खबर होती?"

उत्तर द्यायला मला पळभरही वेळ लागला नाही. मी म्हटलं, "नाही. माझंही लक्ष गेलं नव्हतं."

त्याने विश्वास ठेवला. तो खाली बसला आणि हळूहळू बोलायला लागला. बावीस वर्षं एका बाईमाणसाला म्हातारो म्हणून हाक मारली. परक्या पुरुषाच्या हाताने तिला उघडी पुसली. कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, आणि तिच्यापुढे विडी ठेवली. ती तोंड फिरवायची ते ह्यासाठी, आणि आपल्याला गाढवाला कळलं नाही. मग त्याने खरं काय ते सांगितलं. त्याची सून स्नेहा सातव्या महिन्यात होती. पहिलं पोटातच गेलं होतं. एका आईचा असा अपमान आपल्या हातून झाला, तो घरावर येणार, ही भीती त्याला धरून बसली होती.

उपाय त्याचा त्यानेच काढला होता. दोन दिवसांवर अविधवा नवमी होती. त्या दिवशी तिची ओटी भरायची. पण ते पुरुषाचं काम नव्हे. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, सून तशा अवस्थेत सांगाड्याजवळ येणार नाही.

"तुमी सवाशीण आसात, बाई. माज्यासाठी येवढां करा."

मी नाही म्हटलं. वर प्रिन्सिपॉलांचं नाव पुढे केलं, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असली थेरं शोभत नाहीत म्हणून सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. खोटं बोलल्यावर तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. कमललाही त्याने विचारलं. ती म्हणाली, मला भीती वाटते. नवमी तशीच गेली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं. जाताना त्याने ओटीसाठी आणलेला हिरवा खण हाडांच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली. ह्या वेळी तो गाऱ्हाणं घालेल असं मला वाटलं होतं. त्याने नुसते हात जोडले.

आता कुलूप मी काढू लागले. पहिल्या सकाळी तोंड डाव्या भिंतीकडे. दुसऱ्या सकाळीही तसंच. मी खांद्याला धरून फिरवायची तेव्हा सगळी हाडं एकमेकांवर हलकी वाजायची. इतकी वर्षं तो आवाज मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ऐकला होता. हाताखाली तो निराळाच लागतो.

मी विज्ञान शिकवते, म्हणून प्रयोग केला. शुक्रवारी दुपारी पंख्याचं बटण बंद, खिडक्यांना आतून कड्या. कवटी हुकाशी बँडेजने घट्ट बांधली आणि गाठीवर शाईची रेघ ओढली. स्टँडच्या चाकांभोवती खडूने वर्तुळं काढली. किल्ली माझ्या पर्समध्ये. शनिवार-रविवार खनिजाचे ट्रक रस्त्याने चालू होते. खाणबंदी उठून ते परत सुरू झाल्यापासून आमच्या डिचोलीच्या बाजूला खिडकी बंद असली तरी तांबडी धूळ आत येतेच.

सोमवारी दार उघडलं. जमिनीवर तांबूस थर बसलेला, त्यात उंदराचं पाऊलसुद्धा नाही. चाकं खडूच्या वर्तुळांत. गाठीवरची रेघ जुळलेली. आणि तोंड भिंतीकडे.

मला भीती वाटली. मागून मुली आल्या, त्यांनीही पाहिलं, आणि त्या दिवशी कुणी तिच्या शेजारच्या बाकावर बसायला तयार होईना. साक्षी हळूच म्हणाली, "मॅडम, दत्तारामकाकांना बोलवा ना."

दुपारच्या सुट्टीत मी दाराला आतून कडी लावली. कपाटातून खण काढला. घरून तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणलं होतं. सकाळी निघतानाच पिशवीत घातलं होतं, म्हणजे मनाने आधीच हार मानली होती. पण ओटी भरायची कशात? मूठभर तांदूळ घातले ते सरळ खाली जमिनीवर सांडले. तिथे हाड नसतंच. तिथून बाळ बाहेर येतं, हे मीच दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. मग खण खालून गुंडाळून कमरेच्या हाडाला बांधला आणि पुन्हा पाच मुठी घातल्या. ह्या वेळी ते राहिले. नारळ ठेवला. कपाळाच्या हाडाला कुंकू लावलं. तिला बाकांकडे वळवलं आणि घरी गेले. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

सकाळी खण जागच्या जागी होता, तांदूळही. तोंड भिंतीकडे.

म्हणजे तिचं मागणं हे नव्हतं. ते काय होतं हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग आता चालण्यासारखं नव्हतं. रविवारी मी घरून, साखळीहून निघाले आणि दोन बस बदलून दत्तारामच्या गावी गेले.

तो घरापुढच्या सोप्यावर बसला होता. महिनाभरात दहा वर्षांनी वाकला होता. स्नेहाने पाणी आणून दिलं, पोटावर हात ठेवून आत गेली, आणि त्याचे डोळे ती दाराआड होईपर्यंत तिच्या मागे गेले. मी आडवळण घेतलं नाही.

"दत्तारामभाऊ, मी खोटं बोलले. ती बाई आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नऊ वर्षं हसत होते."

वरून एक विमान गेलं, घराची कौलं थरथरली. त्याने चिडावं, शिवी द्यावी, असं मला फार वाटत होतं. त्याने विचारलं ते भलतंच.

"ओटी भरली?"

भरली म्हणून सांगितलं. तरी वळतेच आहे, तेही सांगितलं.

"खंयच्या भिंतीकडे?"

"डावीकडच्या. नेहमीच्याच. जिथे तुमचं..."

वाक्य तोंडात असतानाच मला ती खोली दिसली. डावीकडे कपाट, कपाटाशी त्याचं स्टूल. उजवीकडे, तिच्या वळलेल्या पाठीमागे, माझं टेबल. ती भिंतीकडे कधी पाहतच नव्हती.

दत्तारामलाही दिसलं असावं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडला, आणि ते संपल्यावर अंगावरून ओझं काढून ठेवल्यासारखा ताठ बसला. "मगे ती माज्यावर रुसाक नाय," तो म्हणाला आणि आत वळून सुनेला हाक मारली, बाईंना जेवल्याशिवाय सोडू नकोस म्हणून.

नोव्हेंबरात स्नेहाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नव्या तुकडीला दत्ताराम मुद्दाम येऊन गाऱ्हाणं घालून गेला. त्यात आता म्हाताऱ्या नाही, माये म्हणतो. आपल्या स्टुलावर घटकाभर बसला, तिच्याशी काहीतरी हळू बोलला आणि शेवटच्या बसने गेला.

मी तिला आता सकाळी फिरवत नाही. ती पाहते तशी पाहू देते. खांद्याची पाती, मणके, माकडहाड, पाठीकडून शिकवण्यासारखं पुष्कळ असतं. एखादी मुलगी विचारतेच, मॅडम, हा सांगाडा असा वळून का? तेव्हा मी सगळं सांगते, माझं हसणं आणि माझं खोटं धरून. असं सांगू लागल्याला चार महिने झाले. अजून एकदाही ती माझ्या टेबलाकडे वळलेली नाही.