आष्टीला नेलेल्या बारा सुया

परतूर स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या खिशात चष्म्याच्या डबीत ठेवलेल्या बारा चिनी सुया होत्या आणि डोक्यात पुण्यातल्या तीन आठवड्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या वर्गाची हवा. आष्टीला माझ्या मास्तर मित्राची बायको, सुमनवहिनी, नर्स होती. देवीची लस टोचत गावोगाव हिंडून तिचा उजवा खांदा असा धरला होता, की हात वर जाईना. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे डॉक्टर येणार होते. हात उचलला नाही, तर ते तिची गावं काढून घेऊन तिला कचेरीत रजिस्टरं लिहायला बसवणार होते.

एसटीने धुळीसकट आष्टीच्या बाजारात सोडलं. वहिनीने येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पुडीची) आणि भाकरी वाढली, तीही डाव्या हाताने. हात धुताच मी डबी उघडली.

"उकळल्यात का, भाऊजी?"

"स्पिरिटनं पुसल्यात."

"मंग न्हाई. बिनउकळलेली सुई मी कुणाला टोचत न्हाई, अन् टोचून घेत न्हाई. बराबर वीस मिनिटं."

मी स्टोव्ह पेटवून भांड्यात सुया उकळत ठेवल्या. तेवढ्यात गावची सुईण गयामावशी कोमट करडीचं तेल घेऊन आली. बाळंतिणीला बसवावं तसं तिने वहिनीला पाटावर बसवलं आणि अंगठ्याने खांद्यामागच्या खवाट्याखाली चाचपू लागली. वर्गातल्या तक्त्यावरच्या, सुया टोचायच्या जागा हिला कुणी दाखवल्या, म्हणून मी वाकून बघत राहिलो. जळका वास आला, तोवर भांड्यातलं पाणी आटून सुया काळ्या पडल्या होत्या.

"सुया भाजून राह्यले का, डॉक्टर?" मावशीने न वळता विचारलं. "इकडं या. हिचा हात धरा. वढू नका, नुसता धरा."

मी धरला. थोड्या वेळाने तो जड झाला. वहिनी बसल्याजागी झोपली होती.

"आठ दिवसांनी डोळा लागला लेकीचा," मावशी हळूच म्हणाली.

तिच्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले दिसले. "मावशी, तुमचे हात कोण चोळतं?"

"लोकांचं चोळताना तेल लागतंच की."

मी तिचा उजवा हात ओढून घेतला आणि चोळू लागलो.

"हळू. कणीक न्हाई ती."

सकाळी डॉक्टरांसमोर वहिनीचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची रजा आणि रोज मालिश लिहून दिलं. "मग तुमची गावं तुमच्याकडेच," म्हणाले.

"सुयांचा गुण दिसतोय?" माझ्या डबीकडे बघत डॉक्टरांनी विचारलं.

"मावशीचा," वहिनी म्हणाली. "सुया भाऊजींनी भाजल्या."

परतीच्या गाडीत माझे दोन्ही अंगठे ठणकत होते. मी एकच हात चोळला होता, तोही जेमतेम अर्धा तास.