आठ तासांचा उशीर

चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी ती बाई अर्ध्या मिलिमीटरच्या फरकासाठी गिऱ्हाइकाला पुन्हा हेलपाटा घालायला लावायची. अशा बाईने आठ तासांची थाप मारावी, हे तिचं तिलाच पचत नव्हतं.

तीनदा प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ आत ठेवून झाला होता, तिन्ही वेळा रुजला नव्हता. मग डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून सांगितलं, "तुमचं अस्तर ठरावीक वेळीच तयार होतं. पहिली गोळी सोमवारी सकाळी दहाला. तिथून एकशेवीस तास मोजायचे आणि शनिवारी दहाला गर्भ ठेवायचा." गोठवलेला गर्भ आता एकच उरला होता.

सोमवारी पावणेदहाला नवऱ्याची आत्या न सांगतासवरता टपकली. खालून ठेवायची गोळी. नंतर अर्धा तास पडून राहायचं. आत्याबाई नेमक्या घरातल्या एकुलत्या पलंगावर "जरा पाठ टेकते गं" म्हणून आडव्या झाल्या. या खेपेला घरात कुणाला काही कळू द्यायचं नव्हतं; मागच्या वेळी सतरा जणांनी सांत्वन केलं होतं आणि त्यातून सावरायला फार दिवस लागले होते. आत्याबाईंची पाठ संध्याकाळी सहाला उठली. गोळी तेव्हा घेतली गेली. दवाखान्याने दिलेल्या गोळ्यांच्या तक्त्यावर मात्र दहाच्या रकान्यात बरोबरची खूण झाली.

शनिवारी सकाळी साडेसातला नवरा दारात उभा होता. "चल गं, गाडी खाली आलीय."

"मी गोळी सहाला घेतली."

"आज?"

"सोमवारी. संध्याकाळी."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुझ्या आत्याला विचार."

दवाखान्याचा फोन तिनेच लावला. "सिस्टर, गर्भ बाहेर काढला का हो?" मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

"धरा हं," म्हणत सिस्टर गेली. फोनमध्ये लांबून कुणाच्या तरी चपला वाजत राहिल्या. नवरा लावलेलंच बटण पुन्हा लावत होता.

"ताई, लॅबवाले गोठवलेल्या गर्भाच्या टाकीचं झाकण उघडायलाच निघाले होते. संध्याकाळी सहाला या. डॉक्टरीणबाई भडकल्यात."

"भडकू देत."

"अजून काही सांगायचं राहिलंय?"

तिने तक्ता पुढ्यात ओढला. "गुरुवारची गोळी वीस मिनिटं उशिरा."

"तेवढं चालतं हो."

"लिहून घ्या," ती म्हणाली. "शुक्रवारची सात मिनिटं."