प्रार्थनेतली पुढची ओळ

सीमेवरच्या त्या पोस्टवर मी पोहोचलो तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये दहा जण झालो. संध्याकाळी साडेसहाला सगळे आरतीला उभे राहायचे. मीही राहायचो, प्रसाद घ्यायचो आणि मग बंकरमध्ये येऊन खाटेपाशी गुडघे टेकायचो. मी नालासोपाऱ्याजवळच्या गासचा, ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे दिवेलागणीला सगळं घर गुडघ्यांवर बसून जपमाळेची प्रार्थना म्हणतं. भरती झालो तेव्हा आईने एवढंच बजावलं होतं, की ती चुकवू नकोस.

पण मी रेडिओ ऑपरेटर. आरती संपली की सेटची पाळी माझी, आणि तो सोडायची परवानगी नव्हती. सेक्शन कमांडर हवालदार दत्ताराम गावडे वेंगुर्ल्याकडचे. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, “पीटर, तुझं होईपर्यंत सेटवर मी बसतो.”

वर्षभर ते रोज बसले. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की जमिनीत पुरलेल्या जुन्या माइन्स जागा सोडतात. त्या दिवशी सकाळी सात वाजता आमचं पेट्रोल गस्तीला निघालं. दहा वाजून दहा मिनिटांनी उतारावर माझ्या पायाखाली स्फोट झाला. मी उताणा पडलो होतो. उजवा पाय गुडघ्यासकट गेला होता. सेट पाठीवरून सुटून दोन-तीन पावलांवर पडला होता, हँडसेटची वायर मात्र हाताला लागली. मी पोस्टला कळवलं.

“अल्फा, कॅज्युअल्टी एक. ओव्हर.”

“कोण? ओव्हर.”

“मीच. ओव्हर.”

गावडेंनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. स्वतः पोटावर सरपटत, बेयोनेटने जमीन टोचत माझ्यापर्यंत आले. रक्त थांबवायला मांडीवर टूर्निके आवळली.

“झोपायचं नाही. तुझी प्रार्थना म्हण. मोठ्याने.”

मी सुरुवात केली. ‘नमो मरिये’ अर्ध्यावर आलं आणि पुढचं काही सुचेना. लहानपणापासून रोज पन्नासदा म्हटलेली प्रार्थना.

गावडेंनी पुढची ओळ सांगितली. एक शब्द चुकला नाही. मी ती म्हटली, त्यांनी त्यापुढची सांगितली. असं करत करत त्यांनी मला टोचलेल्या वाटेवरून मागे ओढून आणलं आणि स्ट्रेचरवर ठेवलं.

सेट मात्र तिथेच राहिला होता. तो सोडून जाता येत नाही. “घेऊन येतो,” म्हणाले आणि त्याच वाटेने परत गेले. वाट मी पडलो होतो तिथपर्यंतच टोचलेली होती. दुसरा स्फोट मी स्ट्रेचरवरून ऐकला.

हेलिकॉप्टरमध्ये आम्ही दोघं होतो. एकटा मी जिवंत होतो.

पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये दोन महिने मी प्रार्थना केली नाही. गुडघा नाही, हे कारण मी स्वतःला देत होतो. खरं कारण वेगळं होतं. देवाने माझं ऐकलं आणि गावडेंचं नाही, याचा मला राग होता.

आई आली. मी तिला फक्त गुडघ्याचं सांगितलं.

“मग बसून म्हण,” ती म्हणाली. “नाहीतर पडून म्हण. तुझी आजी शेवटची तीन वर्षं पडूनच म्हणत होती.”

“मला राग आहे, आई.”

“मग राग सांग त्याला. बोलणं बंद करू नकोस.”

त्या संध्याकाळी मी पडल्या पडल्या देवाशी भांडलो. बऱ्याच दिवसांनी भांडण संपलं. उत्तर मिळालं नाही, पण ऐकणारा तिथेच आहे याची खात्री पटली. ती खात्री अजून ढळलेली नाही. कृत्रिम पाय लागला, पेन्शनवर घरी आलो, बोळिंजच्या एका हाउसिंग सोसायटीत ऑफिसचं काम धरलं. नंतर आई गेली. प्रार्थना कधी खुर्चीत होते, कधी रिक्षात. होते मात्र रोज.

दर नोव्हेंबरला आमच्या चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा होते. घराघरांतून नावं येतात आणि फादर ती वाचून दाखवतात. पहिल्या वर्षी मी चिठ्ठी दिली तेव्हा यादी करणाऱ्या मावशींनी दोनदा वाचली.

“दत्ताराम गावडे? हे आपल्यातले नाहीत ना, पीटर?”

“आपल्यातलेच, मावशी. हवालदार लिहा आधी.”

त्यांनी लिहिलं. तेव्हापासून ते नाव दरवर्षी वाचलं जातं, रँकसकट.