खोकला धुळीचा नव्हता

भोसरीच्या फौंड्रीत आम्हाला शिफ्ट सुटताना गुळाचा खडा मिळायचा. खडा चघळला की छातीत गेलेली धूळ निघून जाते, असं जुने कामगार सांगायचे आणि आम्ही मानायचो. बायको खोकायला लागली तेव्हा मी माझा खडा कागदात बांधून तिच्यासाठी घरी आणायला लागलो. चार महिने आणला. डॉक्टरकडं एकदाही नेलं नाही.

वर तिला शिव्या दिल्या. नाईट करून मी दिवसा झोपायचो. थेरगावच्या त्या खोलीत तिचा खोकला डोक्यात घणासारखा पडायचा. एका दुपारी उठून तांब्या फेकून मारला. कपाळाला खोक पडली. तिथून पुढं ती पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकायची. त्या पदरावर रक्त दिसलं तेव्हा सरकारी दवाखान्यात नेली. किती दिवसांचा खोकला, म्हणून डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"दोन आठवडे खोकला टिकला की थुंकी तपासायची असते. फुकट तपासतात. टीबी गोळ्यांनी बरा होतो हो बाबा!"

आमचा उशीर झाला होता. एकोणीस दिवसांत गेली. मी मारली, असंच मी धरतो. कुणी समजूत घालायला येऊ नये.

आठ वर्षांनी, म्हणजे मागच्या साली, पोरगा तसाच खोकायला लागला. चाकणला कंत्राटी कामाला आहे. संध्याकाळी अंग तापायचं, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. घरात सून आणि दोन वर्षांची नात. नात त्याच्या अंगावरच असायची.

"थुंकी दे तपासायला," मी म्हटलं.

"धूळ हाय आप्पा. कंपनीत सगळेच खोकत्यात."

"तुझ्या आईच्या खोकल्यालाबी मी धूळच म्हणायचो."

"ठेकेदाराला कळलं तर ब्रेक देईल, कामावरून काढंल. मग घरी बसून तुमचं तोंड बघू का?"

मी नातीला त्याच्या मांडीवरून उचलून सुनेकडं दिली आणि त्याच्या कानाखाली मारली. तो उठला तशी दुसरी. मोरीतलं कपडे धुवायचं धोपटणं हाताला लागलं, ते घातलं पाठीत. सून ओरडायला लागली. शेजारचे दारात जमले.

"अहो काका, मरंल तो!"

"तपासलं न्हाई तरी मरणारच हाय!"

पोरानं माझी गचांडी धरली आणि तिथंच त्याला ढास लागली. हात सुटले. तीस वर्षांचा गडी भिंतीला धरून खाली बसला, आणि पासष्टीचा म्हातारा धोपटणं घेऊन उभा. ते त्यानंही बघितलं. तोंड पुसत म्हणाला, "चला. कुठं थुंकायचं ते दाखवा."

टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. सुरुवातीला तोंड झाकायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या. नातीलाही तपासलं. तिला रोग नव्हता, पण होऊ नये म्हणून तिलाही औषध दिलं. रोज सकाळी मी पोरासमोर बसायचो. तो गोळ्या गिळायचा आणि आ करून दाखवायचा. नजर अशी की मला कच्चा खाईल.

दोन महिन्यांत खोकला गेला, गालावर मांस आलं. मग एक दिवस गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या बादलीत सापडलं.

"बरा झालोय मी. पोटात आग पडती त्या गोळ्यांनी."

डॉक्टरांनी बजावलं होतं, अर्धवट सोडलं तर उरलेला रोग पुढं त्याच गोळ्यांना दाद देत नाही. पोटाचा त्रास असला तर येऊन सांगा, पण सोडू नका. हे मी नीट सांगायला हवं होतं. मी हात उगारला. त्यानं मनगट धरून पिरगाळलं. काडकन आवाज झाला. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी मनात आलंच, ताकद आली पोरात.

प्लास्टर घालायला त्यानंच नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या हातात पाण्याचा पेला घेऊन समोर बसलो.

"आन न्हाई घेतल्या तर?"

"एक हात हाय अजून."

गिळल्या. सहा महिने पुरे केले. शेवटच्या तपासणीचा कागद त्यानं माझ्यापुढं फेकला, "वाचा." साफ होता. माझं मनगट वाकडंच जुळलंय, आणि पोरगा अजून माझ्याशी धड बोलत नाही.